सुरीखालचे पोटॅशियम

हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वेगळे केलेले सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही सुरीने कापता येतात, दोन्ही तेलाखाली ठेवतात; पण म्हणून दोघांना एकच नियम लावणे चूक. सोडियमवरचा पांढरट थर कोरड्या खनिज तेलाखाली, सुरक्षा-चष्मा लावून, तासून काढता येतो. पोटॅशियमवर मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे पिवळट-नारिंगी सुपरऑक्साइड साचते, आणि सुरीच्या दाबाने ते आतल्या धातूत किंवा तेलात मिसळले तर स्फोट होऊ शकतो. तेल हवा अडवतेच की, असे कुणी म्हणेल. पण तेलातही थोडा ऑक्सिजन विरघळतो आणि वर्षानुवर्षे तेवढाही पुरतो. पिवळा पडलेला जुना तुकडा म्हणूनच कापायचा नाही, तज्ज्ञांकडे सोपवायचा. लिथियम (घनता ०.५३ ग्रॅम प्रति घन सेंमी) तर तेलावरही तरंगते, ते आर्गॉन भरलेल्या बंद काचनळीतच बरे. सोडियम किंवा पोटॅशियमला आग लागल्यास कोरडी वाळू. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड कधीच नाही.