गाडीच्या छपरीला दिव्यांची माळ लावताय? आधी तिचा डबा उलटा करून वाचा

गेल्या ऑगस्टमध्ये सुट्ट्या जोडून आल्या म्हणून आम्ही अंजनगाव सुर्जीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझा चुलतभाऊ (मी त्याला दादाच म्हणतो), वहिनी, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि दादाची जुनी ओम्नी. मागची सीट काढून दादाने तिथे फळ्यांचा पलंग बसवलाय. गाडीच्या बाजूला लोखंडी पाइपवर ताणता येईल अशी ताडपत्री गावातच शिवून घेतलीय. इंग्रजीत त्याला ऑनिंग म्हणतात, आमच्याकडे छपरी. (इन्स्टावरचा अर्थ बाजूला ठेवा.)

छपरी झाली की तिच्याखाली पिवळे दिवे हवेतच, नाहीतर फोटो कसे येणार? मी घरून दिवाळीची माळ उचलून आणली होती. मुक्कामाच्या जागी भिंतीवर प्लग होता. तिथून एक्स्टेंशन ओढलं, माळ छपरीच्या पाइपला गुंडाळली, बटन दाबलं. धुकं, रिमझिम पाऊस, पिवळे दिवे. भारी दिसत होतं.

अर्ध्या तासाने पुतणी पाइप धरून उभी राहिली आणि पटकन हात काढून म्हणाली, "काका, हाताले मुंग्या आल्या."

मला वाटलं थंडीमुळे असेल. दादाने मात्र काही न बोलता आधी प्लग उपटला. मग टेस्टर आणला, मला लांब उभं केलं, प्लग परत लावून टेस्टर पाइपला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. मग गाडीच्या दाराला टेकवला, तिथेही लागला. पूर्ण गाडीत करंट होता. पाइपच्या कडीजवळ माळेची वायर घासून तिचं तांबं उघडं पडलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुतणीच्या पायात रबरी चपला होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं.

"इंजिनिअर कायचा बे तू?" दादा एवढंच म्हणाला. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे, हे त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता.

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शिवाय ओम्नी, इको, पिकअपला घरीच कॅम्पर करणारी पोरं आता गावोगावी दिसतात. त्या सगळ्यांच्या रीलमध्ये ही माळ असतेच.

एलईडी छोटा, पण व्होल्टेज छोटं नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. एक एलईडी साधारण ३ व्होल्टवर चालतो, म्हणून आपल्याला वाटतं की माळेत करंट तो किती असणार. पण स्वस्तातल्या टू-पिन माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट ÷ ३ म्हणजे सत्तर-पंचाहत्तर एलईडी एकामागे एक जोडले, सोबत एखादा रेझिस्टर टाकला की माळ तयार. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला ३ व्होल्ट येतात खरे, पण माळ घरच्या लाइनला थेट जोडलेली असते. प्लगजवळची वायर उघडी पडली तर तुमच्या हाताला ३ नाही, २३० व्होल्ट लागतात. एखादा दिवा तुटून पाय उघडे पडले तरी धोका तोच.

"पण माझ्या माळेला तो छोटा डबा आहे ना!" असं बरेच जण म्हणतात. ज्याचं बटन दाबल्यावर दिवे कधी पळतात, कधी लुकलुकतात, तो डबा. तो अडॅप्टर नाही, नुसता कंट्रोलर आहे. व्होल्टेज तो कमी करत नाही, फक्त चालू-बंद करतो. मलाही हे माहीत नव्हतं.

ओळखायचं कसं? प्लगवरचा किंवा डब्यावरचा मजकूर वाचा. 'आउटपुट' पुढे ५, १२, २४ किंवा ३१ व्होल्ट डीसी लिहिलं असेल तर मध्ये अडॅप्टर आहे. तिथे २२०-२४० लिहिलं असेल किंवा आउटपुटचा उल्लेखच नसेल, तर ती माळ थेट लाइनवरची आहे असं समजा. ती गाडीला, टिनाला किंवा लोखंडी पाइपला लावायची नाही. पाऊस असो वा नसो.

फोनवर एक गंमतही करून बघा. स्लो-मोशन व्हिडिओत माळ जोरात फडफडताना दिसली तर बहुधा ती लाइनवर थेट चालणारी आहे, कारण आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते आणि दिवा ५० किंवा १०० वेळा विझतो-लागतो. मात्र हा पक्का पुरावा नाही. डिमर असलेल्या १२ व्होल्टच्या पट्ट्याही फडफडतात. निर्णय लेबल वाचूनच घ्या.

रबरी टायरने वाचत नाही, उलट अडकतो

हे कळल्यावर मी खरंच हादरलो. 'गाडीला रबराचे टायर आहेत, मग शॉक कसा लागेल?' असं आपण सहज म्हणून जातो. होतं नेमकं उलटं. टायरमुळे गाडीचा पत्रा जमिनीपासून तुटलेला असतो. पत्र्यात आलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून काहीच ट्रिप होत नाही, काही जळत नाही, दिवेही छान चालू राहतात. गाडी वाट बघत उभी असते. ओल्या मातीत पाय ठेवून कुणीतरी पाइप धरतो आणि ती वाट तो स्वतःच बनतो.

मग भिंतीवरचा एमसीबी काय करत होता? त्याचं काम वायर वाचवणं, माणूस वाचवणं नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर गेल्यावरच पडायचा विचार करतो. ओल्या अंगाचा रोध साधारण १५०० ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून जवळपास १५० मिलिअँपिअर जातात, म्हणजे ०.१५ अँपिअर. एमसीबीला ते जाणवतही नाही, पण हृदय बंद पाडायला तेवढं पुरतं.

यासाठी असतो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअर कमी परत आले की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो, आणि फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. मुक्कामाच्या जागेची अर्थिंग खरी आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हे आपल्याला कळत नाही. अर्थिंग नसली तरी आरसीसीबी काम करतो, फक्त तेव्हा फरक तुमच्या अंगातून गेल्यावरच त्याला कळतो. झटका बसेल, पण क्षणभरच. म्हणून बाहेरच्या प्लगवरून गाडीत लाइन घ्यायचीच असेल, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला बोर्ड वायरमनकडून करून घ्या आणि दर वेळी त्यावरचं 'टी' बटन दाबून तो पडतो का ते पाहा.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. छपरीला ५ किंवा १२ व्होल्टचीच माळ घ्या. २३० गाडीच्या बाहेरच राहू द्या.

पाच व्होल्टची यूएसबी माळ सगळ्यात सोपी. दहा मीटरच्या, १०० दिव्यांच्या माळेला साधारण अर्धा अँपिअर लागतो, म्हणजे अडीच वॅट. आता पॉवर बँकचा हिशोब करू. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना गळती होते, हातात तीसेक उरतात. ३० ÷ २.५ म्हणजे बारा तास. एक रात्र आरामात निघते. एक अडचण मात्र येते. माळ अगदीच छोटी असेल तर काही पॉवर बँकांना वाटतं की फोन चार्ज झाला, आणि त्या स्वतःच बंद होतात. माळ खराब आहे असं समजून ती परत करायला जाऊ नका.

१२ व्होल्टची पट्टी जास्त उजेड देते, स्वयंपाक करायला बरी पडते. पण गाडीच्या बॅटरीवर ती लावताना गणित करा. मीटरला ४.८ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे २४ वॅट, २ अँपिअर. सहा तास लावली की १२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे एक तृतीयांश गेली, आणि सकाळी घाटात सेल्फ मारायचाय! दोन-तीन तासांत दिवे बंद करा, नाहीतर वेगळी बॅटरी ठेवा.

वायरही बघून घ्या. बॅटरीपासून छपरीपर्यंत ८ मीटर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर होतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरमध्ये २ अँपिअरला जवळपास सव्वा व्होल्ट वाटेतच संपतात आणि पट्टी मंद दिसते. घरच्या लाइट फिटिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर अर्ध्या व्होल्टहून कमी जातात. आणि बॅटरीच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. १२ व्होल्टने शॉक लागत नाही, पण वायर शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर पेटते.

पावसासाठी डब्यावर 'आयपी' पुढचे दोन आकडे बघा. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी२० घरात. आयपी४४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी६५ म्हणजे पाण्याची धारही सोसेल, आणि चिखलदऱ्याच्या पावसाला मी हेच घेईन. पण बऱ्याचदा हा आकडा फक्त पट्टीचा असतो, अडॅप्टर आणि जोड उघडेच असतात. ते गाडीच्या आत ठेवा.

रंग केल्विनमध्ये लिहितात. २७०० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा पांढरा. पावसाळ्यात पिवळाच घ्या, कारण निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात. एकदा पांढऱ्या दिव्याखाली भाकर-झुणका खाऊन बघा, मग कळेल. आणि मेळघाटच्या जंगलाला लागून मुक्काम असेल तर झोपताना सगळे दिवे बंद. तिथल्या जनावरांना आपला फोटो नको असतो.

अॅपवाल्या रंगीत माळेचं आकर्षण मला समजतं, माझं पोटच अॅपवर चालतं. पण घाटात रेंज जाते. वायफाय आणि अकाउंट मागणारी माळ तिथे गप्प बसते, ब्लूटूथवाली चालते. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची उपकरणे' ही वेगळी परवानगी आहे. दिव्याच्या अॅपने कॉन्टॅक्ट मागितले तर ते काढूनच टाका.

शेवटी, एलईडी माळा भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. डब्यावर मानक चिन्हासोबत 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाका, कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का ते बघा. दुकानात उभं राहून एका मिनिटात होतं. मी तसं केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, माळ घ्याले आले का चौकशीले?" पण त्यानेच मग आतून दुसरा डबा काढून दिला.

आता छपरीला यूएसबी माळ आहे. ती पाइपला न गुंडाळता ताडपत्रीच्या कडेला कापडी बंदांनी बांधतो, म्हणजे वायर घासत नाही. जुनी माळ मी कापून टाकली. पण घरासमोरच्या टिनाच्या शेडवर बाबा दर दिवाळीला तशाच दोन माळा लावतात, खिळ्यांना अडकवून. त्या काढू देत नाहीत. म्हणून येत्या रविवारी वायरमन येतोय, मेन बोर्डात आरसीसीबी बसवायला.