विवाहाचे वैधीकरण : कॅथॉलिक धर्मकायद्यातील एक प्रश्न

एकाच विवाहासंबंधी लोकरूढी, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था ह्यांचे निर्णय भिन्न असू शकतात. कॅथॉलिक धर्मकायद्यातील वैधीकरणाची तरतूद ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावरील चौसाळा येथील एक दांपत्य उदाहरणादाखल कल्पू. पत्नी कॅथॉलिक, पती हिंदू. विवाह बारा वर्षांपूर्वी हिंदू पद्धतीने, मांडवात अक्षता पडून झालेला. गावाच्या दृष्टीने विवाहात काहीच उणे नाही. परंतु पत्नीस मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे झाल्यास अडचण उभी राहते.

चर्चबाहेर झालेला प्रत्येक विवाह अवैध, ही समजूत मात्र चुकीची आहे. दोन हिंदूंचा किंवा दोन प्रॉटेस्टंटांचा विवाह हा धर्मकायदा वैधच गृहीत धरतो. ते पुढे कॅथॉलिक झाले म्हणून पुन्हा विवाह लावावा लागत नाही. विधीचे बंधन येते ते पक्षांपैकी कोणी कॅथॉलिक असल्यास. गुप्त विवाहांस आळा घालण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ते घातले. १९०७ च्या 'ने तेमेरे' ह्या आज्ञापत्राने त्याची व्याप्ती वाढविली. १९८३ च्या संहितेनुसार अधिकृत धर्मसेवक व दोन साक्षीदार आवश्यक आहेत (कलम ११०८). शिवाय बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह ही स्वतंत्र बाधा होय (कलम १०८६). आपल्या उदाहरणात दोन्ही उणिवा आहेत.

त्यांवर उपाय दोन. साध्या वैधीकरणात बाधेतून सूट मिळवून उभयतांनी धर्मगुरूसमोर नव्याने संमती द्यावयाची असते. येथेच पेच पडतो. 'आमचे लग्न झालेलेच आहे. ते झाले नव्हते असे मी का मानावे?' असे पतीने विचारल्यास ते केवळ हट्टाचे म्हणता येत नाही. अशा वेळी दुसरा उपाय, मूलगामी वैधीकरण, उपयोगी पडतो. त्यात संमतीची पुनरुक्ती नसते. मूळ संमती टिकून आहे हे पाहून बिशप बाधेतून व विधीतून सूट देतात आणि विवाहाचे परिणाम मूळ दिवसापासून मानले जातात (कलमे ११६१ ते ११६५). मुलांना कॅथॉलिक धर्मात वाढविण्यासाठी शक्य तितके करण्याचे वचन मात्र पत्नीस द्यावे लागते. मराठवाड्यातील असा अर्ज १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या बिशपांकडे जाईल.

तथापि एवढ्याने राज्याच्या कायद्यातील प्रश्न सुटत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाचे कलम ४ ख्रिस्ती व्यक्तीचा विवाह त्या अधिनियमाप्रमाणेच व्हावा असे सांगते. हिंदू विवाह अधिनियम १९५५ उभय पक्ष हिंदू असल्यासच लागू होतो, असा निर्णय गुल्लीपिल्ली सौर्य राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. तेथे पुरुष रोमन कॅथॉलिक, स्त्री हिंदू व विवाह मंदिरात झालेला होता. त्यामुळे चौसाळ्याच्या पत्नीचे वारसा व पोटगीचे हक्क अनिश्चित राहतात. त्यावरील मार्ग म्हणजे विशेष विवाह अधिनियम १९५४, कलम १५ अन्वये नोंदणी. तीत विवाह नोंदीच्या दिवसापासून त्या अधिनियमाखालील ठरतो. परंतु मूळ विधीनंतर झालेली मुले सर्वस्वी औरस मानली जातात.

दोन्ही व्यवस्थांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट ओळखली आहे : विधीत उणीव राहिली तरी दोन माणसांनी परस्परांना दिलेली संमती आणि त्यांचा संसार निरर्थक ठरत नाही. मात्र एका व्यवस्थेतील दुरुस्ती दुसरीस आपोआप लागू होत नाही. म्हणून विवाहाची वैधता अभ्यासताना ती कोणत्या कायद्यान्वये विचारात घेतली आहे, हे प्रथम निश्चित करणे अवश्य आहे.