माळ कोणाचा, हरिण कोणाचे?

रब्बीचा हरभरा वीतभर वर आला की नेकनूरच्या परिसरातील शेतकऱ्याची झोप जाते. बीडहून मांजरसुंब्याला येऊन केजच्या रस्त्याला लागले म्हणजे बालाघाटच्या पठारावरचे हे बाजाराचे गाव लागते. भोवती हलकी, मुरमाड जमीन, मध्येच काळ्या रानाची एखादी पट्टी आणि या दोहोंना लागून उघडा माळ. या पट्ट्यात पहाटेच्या अंधारात माळावरून काळविटांचा कळप शेतात उतरतो, शेंडे खुडतो आणि दिवस कासराभर वर येण्यापूर्वी निघून जातो. घरातील धडधाकट माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. राखणीला उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. पत्र्याचा डबा वाजवावा, जुनी लुगडी बांधावर बांधावीत, यापलीकडे त्यांच्या हाती काही नसते. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा या क्रमाने जाणाऱ्या माणसाचा हंगाम तोवर उलटून गेलेला असतो.

काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम पंचवीस हजार रुपये झाली आहे. या कठोरपणाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तो नसता तर मराठवाड्याच्या माळावर आज काळवीट दिसलेच नसते. प्रश्न आहे तो या व्यवस्थेत ज्याचा विचारच झाला नाही, त्या माणसाचा.

हा माणूस म्हणजे पारधी. ‘पारध’ या शब्दाचा अर्थच शिकार. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘पारधी’ या नोंदीखाली फासेपारधी, चिता पारधी, टाकणकार यांच्या जोडीला ‘शिकारी’ असेही एक नाव आहे. म्हणजे सरकारच्या एका यादीत ज्याचा धंदा हीच त्याची जात म्हणून नोंदलेली आहे, त्यालाच सरकारच्या दुसऱ्या कायद्याने त्या धंद्याबद्दल तुरुंगात जावे लागते. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतील. परंतु त्यांच्यामध्ये सापडलेल्या कुटुंबाने करावे काय, याचे उत्तर दोहोंपैकी एकातही नाही.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी शिकार ही सरदार-जहागीरदारांची करमणूक होती आणि पारधी हा तिच्यातील राबता हात. रान दाखवणे, माग काढणे, हाका घालणे ही कामे तो करी. संस्थानांत काळविटावर चित्ता सोडण्याचा शौक होता तेव्हा चित्ता धरणे आणि त्याला शिकवणे हे चिता पारध्यांचे कसब होते. कोल्हापूर संस्थानात तर या शौकापायी आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले. हिंदुस्थानातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात परदेशातून पुन्हा चित्ते आणून सोडले गेले. चित्त्याचे पुनर्वसन झाले. चित्ता सांभाळणाऱ्याच्या नातवंडांचे अद्याप झालेले नाही.

फासेपारध्याचे स्वतःचे हत्यार म्हणजे फास. तितर, लावे, ससे आणि कधीमधी हरिण हे त्याचे भक्ष्य. ही शिकार पोटापुरती होती, आणि तिलाही काही नेम होते. फासात अडकलेली गाभण हरिणी किंवा पाडस पारधी सोडून देत असत, असे माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवले आहे. यात भूतदया किती आणि उद्याच्या शिकारीची तरतूद किती, याचा काथ्याकूट करण्याचे प्रयोजन नाही. माळ टिकला, एवढे खरे. काळविटांचा खरा संहार झाला तो स्वातंत्र्याच्या आगेमागे, जीपगाडी, शोधदिवा आणि बंदूक एकत्र आल्यावर. त्या गाडीत पारधी बसलेला नव्हता. बसलाच असेल तर वाट दाखवण्यापुरता.

वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ साली. मराठवाड्याला हे साल दुसऱ्याच कारणाने आठवते. त्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, आणि दिल्लीत काय मंजूर झाले याची वार्ता माळापर्यंत पोचण्याचा तो काळ नव्हता. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि शिकार जवळजवळ सरसकट बंद झाली. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याने वनवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. मात्र शिकारीचा आणि फास लावण्याचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. शिवाय नेकनूरसारख्या भागात पारध्याचे पाल पडते ते गायरानावर. गायरान हे वन नव्हे, महसुली जमीन. तेव्हा वनहक्काचे दारही त्याला बहुधा बंदच.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी राज्यांचा दाखला या संदर्भात काही जण देतात. नेव्हाडा राज्यातील सुमारे ऐंशी टक्के जमीन तेथील केंद्र सरकारच्या मालकीची आहे. तिच्यावर परवाना काढून जनावरे चारता येतात आणि परवाना काढून शिकारही करता येते. १९३७ च्या एका कायद्यान्वये बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या संवर्धनाकडे वळवले जाते. त्या पैशातून वाळवंटी रानमेंढ्यांसाठी डोंगरात पाण्याची टाकीही बांधली जातात. शिकारी स्वतः पैसे देऊन प्राणी राखतो, ही कल्पना मोहक आहे यात शंका नाही. पण तेथेही १९३४ पासून चालत आलेल्या चराईच्या नियमांवरून भांडणे मिटलेली नाहीत. २०१४ मध्ये नेव्हाडात थकलेल्या चराईशुल्कावरून पशुपालक आणि सरकारी अधिकारी बंदुका रोखून समोरासमोर उभे राहिले होते. आणि आपल्याकडे ही पद्धत आणली तर परवाना कोणाला मिळेल? ज्याच्याजवळ बंदूक, गाडी आणि ओळख आहे त्याला. पारधी पुन्हा हाका घालायलाच जाईल. त्यातून नेव्हाडात मैलोगणती माणूस नाही, तर बीडच्या माळावर एका वस्तीतून उडालेली गोळी दुसऱ्या वस्तीत जाऊन पडावयाची. शिकार पुन्हा खुली करणे हा यावरचा उपाय नव्हे.

उपाय शोधावा लागेल तो जमिनीत. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गावच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते आणि जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून तिचा अन्य उपयोग करता येत नाही. कागदावर ही जमीन सर्वांची. प्रत्यक्षात ज्यांना गावात पाय ठेवण्यापुरतीही जागा नव्हती ते भूमिहीन, बहुतांशी दलित, तिच्यावर नांगर घालून बसले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच मागणीसाठी होते. बीड जिल्ह्यात पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा गावोगाव नेला. १९७८ मध्ये आणि नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयान्वये सरकारने मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. ही तारीख डॉ. आंबेडकरांच्या जयंतीची. पण निर्णय झाला म्हणजे सातबारा हाती पडला असे नव्हे, हे तहसील कचेरीत ज्याने एकदा तरी चक्कर मारली आहे त्याला सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. पंजाबातील एका गावचे तळे बुजवून धनिकांनी घरे बांधली, असे ते प्रकरण होते. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीनांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल तेथे अपवाद करता येईल, असे त्या निकालातच म्हटले आहे. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी जुलैत आपला आदेश काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून हा विषय हाती घेतला आणि दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांना नोटिसा देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा खेडोपाडी घबराट उडाली. तलाठ्याच्या यादीत तळे बुजवणारा आणि पोटासाठी दोन एकर खरडणारा, दोघेही ‘अतिक्रमणधारक’ या एकाच रकान्यात येतात.

या सगळ्या वादात गवताची बाजू मांडणारा कोणी नाही. पवन्या, मारवेल, कुसळी यांनी भरलेला माळ सरकारी भाषेत ‘पडीक’ ठरतो. पडीक म्हटले की तेथे समतल चर खणून गिरिपुष्पाची रोपे लावली जातात, किंवा अलीकडे पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या येतात. काळविटाला झाडोरा नको, उघडे गवत हवे. मेंढपाळालाही तेच हवे. गवत गेल्यावर हरिण हरभऱ्यात येणार नाही तर जाणार कोठे? पाटोदा तालुक्यात १९९४ मध्ये जवळपास तीस चौरस किलोमीटरचे नायगाव मयूर अभयारण्य जाहीर झाले, शेजारच्या नगर जिल्ह्यात १९८० पासून काळविटांसाठी रेहेकुरी आहे. त्याचे क्षेत्र पुरते सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. याउलट माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडे तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात गावे आणि शेते सापडली, जमिनींचे व्यवहार अडले. पुढे ते पुष्कळ कमी करावे लागले. तोवर माणसे पक्ष्यावर रुसली होती. नकाशावर मोठी रेघ ओढल्याने माळ राखला जात नाही.

अकोला-वाशीम भागात वेगळा प्रयत्न झाला आहे. ‘संवेदना’ या संस्थेने तेथील फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोरासारख्या गवताळ रानातील पक्ष्यांचे आणि त्यांच्या कुरणांचे रक्षण चालविले. या पक्ष्याचे घरटे कोठे असते, तो कोणत्या दिवसांत नाचतो, हे फास लावणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? हेच बालाघाटावर करता येण्यासारखे आहे. जेथे भूमिहीनांचा नांगर तीस-चाळीस वर्षे चालला आहे तो तुकडा त्यांच्या नावे करावा, उरलेले गवत गवत म्हणूनच राखावे आणि त्या राखणीचा पगार पारध्याला द्यावा. हरिणांचे कळप शेतातून हुसकावण्याचे काम डबा वाजवणाऱ्या म्हातारीपेक्षा तो केव्हाही अधिक चांगले करील. वन, महसूल आणि ग्रामपंचायत या तिघांनी एकत्र बसावे एवढीच यात अडचण आहे, आणि ती लहान नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. गायरानावरील वहिवाट सिद्ध करण्यास भूमिहीनांना उपयोगी पडली ती तलाठ्याची गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही आणि दंडाच्या जुन्या पावत्या. ज्या कागदाने माणसाला गुन्हेगार ठरवले, तोच जपून ठेवल्यामुळे त्याला जमीन मागता आली. पारध्याजवळ तोही नाही. १४ एप्रिल १९९० रोजी त्याचे पाल कोणत्या गावच्या शिवारात होते, याची नोंद कोणत्याही तलाठ्याने केलेली नाही. असलीच तर ती पोलीस ठाण्यात, संशयित म्हणून झालेली असेल.