पाहणी टेलपासून

अर्धापूरची केळी पाण्यावर उभी आहे, आणि त्यातलं बरंचसं पाणी पैनगंगेवरच्या ईसापूर धरणातून कालव्यानं येतं. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत. चारीच्या सुरुवातीला आम्ही हेड म्हणतो, शेवटाला टेल. हेडच्या बागा आधी भिजतात. टेलचा शेतकरी पाण्याची पाळी संपायच्या आत पाणी येतं का, याची वाट बघत बसतो.

आमच्या पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून चारी-दुरुस्तीची कामं करून घेताना मी एक नियम धरला आहे: पाहणी टेलपासून सुरू करायची. हेडपर्यंत रस्ता चांगला असतो, त्यामुळे साहेब आणि गुत्तेदार तिथंच उतरतात. ऊन चढलं की पाहणी अर्ध्यात थांबते आणि इस्टिमेटमध्ये शेवटचा तुकडा अंदाजानं धरला जातो. उलट टेलपासून निघालं, की परत गाडीपर्यंत यायला अख्खी चारी चालावीच लागते.

टेल मागे राहण्याची ही अडचण राज्यभरची आहे. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५च्या कायद्यानं संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारख्या जागा ठेवल्या आहेत. त्याच्याही आधी, १९९१च्या सुमारास, नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत ओझर भागात, म्हणजे टेललाच, तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे तिथं २४ संस्था झाल्या आणि साऱ्या प्रकल्पाचा पाणीवाटपाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. ज्याची अडचण मोठी त्याच्यापासून सुरुवात केली, म्हणून ते काम टिकलं असं मला वाटतं.

कामाशी संबंध असलेली माणसं कोण, हे कागदावरून कळत नाही. सातबारावर मालकाचं नाव असतं, पण रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो तो सालगडी. चारी कुठं झिरपते, कुठलं दार खाली बसत नाही, हे त्याला पाठ असतं. बैठकीत तो मालकासमोर बोलणार नाही. त्याच्याजवळ जाऊन, ‘मामा, रात्री पाणी कुठं फुटतं?’ असं विचारावं लागतं. तेही पाडव्याच्या आत, कारण पाडव्याला साल फिरतं; तो दुसरीकडं राहिला तर ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

दुसरा विसरला जाणारा माणूस केळीचा व्यापारी. चारीलगतचा रस्ता खोदला की त्याचा ट्रक बागेत येत नाही, आणि तयार झालेला घड आठ-दहा दिवस थांबत नाही. शेतकरी मग ऐन कामाच्या मध्यात जेसीबीपुढं येऊन उभा राहतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्याचं वर्षाचं पीक त्या रस्त्यावर अडकलेलं असतं. म्हणून तारीख ठरवण्याआधी कोणाची काढणी कधी, हे घरोघर विचारून घ्यायचं. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा बघून रब्बी आणि उन्हाळी पाळ्यांचं नियोजन होतं. दोन पाळ्यांमधल्या कोरड्या दिवसांत काढणीची सोय बसवायची असते.

चारीच नव्हे, काम शाळेच्या खोलीचं असो की गल्लीतल्या नालीचं, मोठ्या बैठकीआधी नाराज माणसाच्या ओसरीवर जाऊन बसावं. चारचौघांत एकदा ‘नाही’ म्हटलेला माणूस मागे येत नाही. घरी तोच अडचण सांगतो आणि तोडगाही सुचवतो. ठरलेलं लिहून लगेच सगळ्यांना वाचून दाखवावं, मगच सह्या. काम लांबणार असेल तर ते गटावर संदेश टाकून सांगू नये, स्वतः जावं. आणि जे इस्टिमेटमध्ये नाही त्याला ‘बघू’ म्हणू नये. गावात ‘बघू’चा अर्थ ‘होईल’ असा धरला जातो.

गुत्तेदाराचं यंत्र गावात असतानाच चाचणीचं पाणी सोडायला लावा आणि टेलच्या चार शेतकऱ्यांना दाराशी उभं करा. फुटलेली जागा त्याच दिवशी बुजते. यंत्र गेलं की तेवढ्याच कामासाठी नवी मागणी, नव्या सह्या, आणि तोवर पुढची पाळी सुटलेली असते.