अबिंदुक डोळा आणि रायफलीचे नेमसाधन

रायफलीवर बसविण्याच्या नेमसाधनांपैकी एका प्रकारात नेमबाजाला काचेपलीकडे एक लहानसा तांबडा ठिपका दिसतो. तो लक्ष्यावर आला की नेम साधला. परंतु कित्येकांना तेथे ठिपका दिसतच नाही. दिसतो तो स्वल्पविरामासारखा एक तांबडा फराटा, किंवा एकमेकांना चिकटलेले दोन-तीन ठिपके. साधन सदोष आहे असे समजून ते परत केले जाते, दुसरे आणले जाते, आणि तोच फराटा पुन्हा समोर उभा राहतो. दोष बहुधा साधनात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो. त्यास अबिंदुकता म्हणतात. चष्म्याच्या दुकानात त्याचेच नाव अॅस्टिग्मॅटिझम.

निर्दोष डोळ्याचे पारपटल चेंडूच्या पृष्ठाप्रमाणे सर्व दिशांना सारखेच वक्र असते. अबिंदुक डोळ्यात ते चमच्याच्या पाठीसारखे असते : एका दिशेने अधिक वक्र, तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेने कमी. त्यामुळे एका बिंदूपासून निघालेले किरण दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. जॉर्ज एअरी या इंग्रज गणितज्ञाला आपल्या डाव्या डोळ्यात हा दोष आढळला. त्याने पुठ्ठ्याला एक बारीक छिद्र पाडले, ते मागून उजळले आणि पुठ्ठा डोळ्यापासून मागेपुढे सरकवून पाहिला. सहा इंचांवर ते छिद्र एका तिरप्या रेषेसारखे दिसले. साडेतीन इंचांवरही रेषाच दिसली, पण पहिलीशी काटकोन करणारी. या दोन अंतरांवरून त्याने गणित मांडले आणि १८२५ साली वृत्तचितीच्या आकाराचे, म्हणजे एकाच दिशेने वक्र असलेले भिंग घडवून घेतले. आजच्या चष्म्याच्या चिठ्ठीत ‘सिलिंडर’ आणि ‘अॅक्सिस’ असे जे दोन आकडे असतात, ते याच भिंगाची शक्ती व त्याची दिशा सांगतात.

दोष कोणाचा हे ठरविण्यास पैसा लागत नाही. ठिपक्याचे साधन रायफलीवरून उतरवून हातात धरावे आणि ठिपक्याकडे पाहत हळूहळू फिरवावे. फराटा साधनाबरोबर फिरला तर दोष साधनाचा; साधन फिरले तरी फराटा जागचा हलला नाही तर तो डोळ्याचा. ज्यांच्यापाशी असले साधन नाही त्यांनी रात्री रस्त्यावरच्या दूरच्या दिव्याकडे एका डोळ्याने पाहून मान कलती करावी. अबिंदुक डोळ्यास दिव्याचे किरण मानेबरोबर कलताना दिसतील. मग कागदाला टाचणीने छिद्र पाडून त्यातून तोच दिवा पाहावा. फराटे पुष्कळसे आखडतात. (सूर्याकडे मात्र असे कधीही पाहू नये.)

टाचणीच्या या छिद्रातच आपल्या विषयाची किल्ली आहे. धूसरपणा दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो : दोष किती डायॉप्टरचा आणि प्रकाश आत शिरण्याची वाट किती रुंद. एक डायॉप्टरची अबिंदुकता असलेल्या डोळ्याची बाहुली तिन्हीसांजेस ६ मिलिमीटर उघडली, तर तांबड्या ठिपक्याचा फराटा सुमारे २० कला लांब होऊ शकतो. (एक अंश म्हणजे ६० कला.) ठिपका मूळचा असतो दोनेक कलांचा. आता ५० मीटरच्या स्पर्धेतील लक्ष्य पाहा. त्यावरील काळे वर्तुळ ११२.४ मिलिमीटरचे, म्हणजे डोळ्याशी जेमतेम ८ कलांचा कोन करणारे. फराटा संपूर्ण काळ्या वर्तुळाहून मोठा झाला ! नेम कशावर धरायचा ? ठिपक्याची प्रखरता कमी केली तर कडेचे अंधूक फराटे लोपतात. तेवढाच काय तो उपाय.

याउलट मागच्या बाजूस बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी माशीच्या जागी कडे, अशी जी जुनी रचना आहे, तिच्यात सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून पाहिले असता तोच डोळा केवळ चारेक कलांचा धूसरपणा निर्माण करतो. ऑलिंपिकमधील रायफलीला दुर्बीण लावता येत नाही, तेथे हीच छिद्राची रचना चालते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले, ते असल्याच छिद्रातून पाहून. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे एका कलेहूनही लहान असते. ते नेमबाजाला दिसत नाही, दिसण्याची गरजही नसते. कड्याच्या आत काळे वर्तुळ मधोमध बसले आणि भोवतीची पांढरी पट्टी सर्व बाजूंनी सारखी राहिली की पुरे. छिद्र फारच लहान केले तर प्रकाश अपुरा पडतो आणि विवर्तनामुळे कडा पुन्हा पसरतात, म्हणून त्यालाही मर्यादा आहे.

दुर्बिणीच्या साधनाविषयी एक गैरसमज दृढ आहे. तिच्या नेत्रभिंगाची कडी फिरविली की फुलीच्या रेषा स्पष्ट होतात, म्हणून अबिंदुकताही दूर होते असे लोक मानतात. तसे होत नाही. कडी फिरविल्याने सर्व दिशांची नाभी एकदमच पुढेमागे सरकते; दोन दिशांमधील अंतर जसेच्या तसे राहते. तरीही दुर्बीण या डोळ्यांना मानवते, ती अन्य कारणांनी. दहापट मोठे दाखविणाऱ्या, ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ४ मिलिमीटरची असते. बाहुली त्याहून अधिक उघडली तरी बिघडत नाही. शिवाय लक्ष्य दहापट मोठे दिसते, डोळ्याचा धूसरपणा मात्र वाढत नाही.

ठिपक्याच्या साधनाचा पूर्वज आयर्लंडमधील दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब याने १९०० साली कल्पिला. हे नाव आपल्याला परके नाही. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतील २० इंची दुर्बीण त्याच्याच कारखान्याची. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाल्यावर तेथील सामग्री कोडाईकनालला गेली. ती वेधशाळा आज बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. १९५४ साली स्थापन झालेली बंगळूरचीच भारत इलेक्ट्रॉनिक्स रात्री पाहण्याची साधने बनविते. त्यांतही नेत्रभिंगातून एक उजळ चित्र पाहायचे असते. अंधारात बाहुली विस्फारलेली असते, तेव्हा अबिंदुक डोळ्याची अडचण तेथेही चुकत नाही.

खरा इलाज चष्म्याचाच, पण नेमबाजाच्या बाबतीत तो नाजूक आहे. वृत्तचितीय भिंगाचा अक्ष ३० अंशांनी चुकला, तर मूळ दोषाएवढाच दोष नव्या दिशेने शिल्लक राहतो. चष्मा लावून न लावल्यासारखा. पालथे पडून नेम धरताना तर दृष्टी काचेच्या मध्यातून न जाता नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी जाते, आणि तिरप्या काचेमुळे नवी अबिंदुकता उत्पन्न होते. म्हणून नेमबाज एकाच गोल काचेची, हवी तशी वळविता येणारी चौकट वापरतात. काच दृष्टिरेषेशी काटकोनात यावी, आणि चौकटीत ती फिरली असल्यास अक्षाची खूण पुन्हा जुळवून घ्यावी. चष्मा करावयास जाताना नेहमीच्या पवित्र्यात डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर फितीने मोजून न्यावे. वाचनाचा अथवा दूरचा, यांपैकी कोणताच नंबर त्या अंतरास नेमका लागू पडत नाही.