पशुवैद्यकांतील स्त्रिया : नांवांचा पुरावा

अश्ववैद्यकाचे शालिहोत्र व नकुल, गजवैद्यकाचे पालकाप्य (यांचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ त छापला). पोथ्यांतून मिळणारीं हीं नांवें पुरुषांचींच आहेत. स्त्रियांचा शोध अर्वाचीन कागदांत घ्यावा लागतो, व तेथें नांवें चकवितात.

मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयास जोडून. रुग्णालयाच्या दारावर स्त्रीचें नांव, वर्गांत मात्र सारे पुरुष.

एडिंबरो येथें याच्या उलट झालें. वर्गांत स्त्री होती, पण पटावर तिचें खरें नांव नव्हतें. एलीन कस्ट या बाईंनीं घराण्यास संकोच नको म्हणून ‘कस्टन्स’ असें नांव लाविलें होतें. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सनें त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. १९०० त अभ्यास पुरा करून त्या आयर्लंडांत व्यवसाय करूं लागल्या. सनद मिळाली १९२२ त, तीहि १९१९ च्या कायद्यानें स्त्रियांची आडकाठी दूर केल्यावर! म्हणजे बावीस वर्षें सनदी वैद्यांच्या यादींत त्या नव्हत्याच.

आपल्याकडे सक्कूबाई रामचंद्रन् १९५२ त मद्रासेस पदवीधर झाल्या. पहिल्या भारतीय स्त्री-पशुवैद्य म्हणून त्यांचीच गणना होते. सनदेपूर्वीचा शोध मात्र याद्यांत लागणार नाहीं. गोरेगांव, जोगेश्वरी, अंधेरीकडील तबेल्यांचे हिशेब किंवा गुरांच्या औषधांचीं टिपणें कोणाच्या संग्रहीं असल्यास, औषध देणारी कोणी स्त्री त्यांत नोंदलेली आहे काय, हें अवश्य पाहावें. जुनीं घरें पाडतांना असे कागद प्रथम रद्दींत जातात.