त्रिरश्मीवरील पोढ्या आणि रोमक स्नानगृहें

रोमक साम्राज्याच्या जुन्या प्रदेशांत हिंडून आलेल्या आमच्या प्रवाशांच्या बोलण्यांत तेथील स्नानगृहांच्या अवशेषांचें वर्णन हटकून येतें. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील स्नानगृहें, रोम शहरांत इ. स. २१६ मध्यें खुलें झालेलें काराकाला बादशहाचें प्रचंड स्नानगृह, आणि इंग्लंडांत बाथ येथें ऊन झऱ्याच्या पाण्यावर बांधलेला, तळास शिशाचे पत्रे असलेला हौद, हीं स्थळें पाहून आलेला मनुष्य नाशिकास येऊन त्रिरश्मी पर्वत चढला, म्हणजे लेण्यांलगत खडकांत कोरलेलीं पाण्याचीं टाकीं पाहून त्याच्या मनांत एक तर्क सहज उभा राहतो. येथील सतरावें लेणें एका यवनानें कोरविलें, असें त्यांतील लेखच सांगतो; यवन आला तेथें त्याच्या स्नानाची चालही आली असली पाहिजे; तेव्हां हीं टाकीं त्या चालीचेच अवशेष असावेत, असा हा तर्क आहे. लेखांतील शब्द, ग्रंथांतील प्रमाणें व दगडांतील काम हीं तीन्ही जवळ ठेवून पाहिलीं असतां तो टिकत नाहीं. परंतु त्याची परीक्षा करितांना जी सामग्री हातीं लागते, ती मूळ तर्काहून मोलाची आहे. म्हणून तिचा विचार येथें क्रमानें करितों.

(१) लेखांतील 'पोढी'

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच मैलांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत हा डोंगर आहे. लोक त्यास पांडवलेणीं म्हणतात. लेखांत तो 'तिरण्हु' अथवा 'त्रिरश्मि' ह्या नांवानें येतो. एकंदर लेणीं चोवीस. सतराव्या लेण्याचा दाता धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा होय. तो आपणांस 'ओतराह' म्हणजे उत्तरेकडील, 'दातामितियक' म्हणजे दात्तामित्री नगरीचा, आणि 'योणक' म्हणजे यवन म्हणवितो. आपला पुत्र धर्मरक्षित ह्याच्यासह, आईबापांच्या उद्देशानें, त्यानें लेणें, आंतील चैत्यगृह व 'पोढियो' हीं चातुर्दिश भिक्षुसंघास अर्पण केलीं. दात्तामित्री ही नगरी कोठली, हें वैयाकरणांस ठाऊक होतें. काशिकावृत्तींत चतुर्थाध्यायाच्या द्वितीय पादांत, सौवीर देशांतील नगरनामाचें उदाहरण म्हणून, दत्तामित्रानें वसविलेली ती दात्तामित्री असें दिलेलें आहे. सारांश, हा यवन सिंधुसौवीराकडून आलेला असून, बाप, आपण व मुलगा ह्या तीन पिढ्यांचीं नांवें आमच्याच भाषेंतील आहेत. त्याच्या दानावरून रोम शहराची चाल अनुमानणें म्हणजे केवळ 'यवन' ह्या एका शब्दावर सगळा भार टाकणें होय.

आतां 'पोढी' शब्दाचा अर्थ. कान्हेरीच्या लेखांत 'पानियपोढी' असा स्पष्ट प्रयोग आहे; म्हणजे पिण्याच्या पाण्याचें टांकें. त्रिरश्मीवरील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात ह्याचा जो विस्तृत लेख आहे, त्यांतही लेणें व पोढ्या ह्यांचें दान एकत्रच सांगितलें आहे. हा लेख पाण्याच्या दानांचा जणूं कोशच आहे. बार्णासा नदीवर तीर्थ. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा. आराम, तडाग व उदपान म्हणजे विहिरी. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डाहाणुका ह्या नद्यांवर मोफत नावा. आणि त्यांच्या उभय तीरांवर सभा व प्रपा म्हणजे पाणपोया. ज्या लेखकानें पाण्याचे इतके प्रकार निरनिराळे नांवानिशीं सांगितले, त्यानें स्नानाची जागा 'पोढी' ह्या सामान्य शब्दांत गुंडाळली असेल हें संभवत नाहीं. स्नानाचा उल्लेख त्याच लेखांत वेगळा आहेच. मालयांनीं वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सोडवणुकीस उषवदात गेला. मालय नुसत्या चाहुलीनेंच पळाले. तेथून तो पुष्करास गेला, आणि तेथें अभिषेक करून तीन हजार गाई व एक गांव त्यानें दान दिलें. अर्थात् पोढी ही भिक्षूंच्या पिण्याच्या पाण्याची सोय, आणि स्नान तें तीर्थावर, असा भेद लेखावरूनच निघतो. टांक्यास स्नानगृह म्हणणें म्हणजे दात्याचें दान बदलणें होय.

(२) रोमक स्नानगृहाची रचना

प्रतिपक्षाचें स्वरूपही नीट पाहिलें पाहिजे. रोमक स्नानगृह म्हणजे नुसता हौद नव्हे. वस्त्रें उतरण्याचा कक्ष, गार पाण्याचा कक्ष, कोमट हवेचा कक्ष व कढत कक्ष अशी त्याची ओळ असे. खरें कौशल्य जमिनीच्या खालीं असे. ऑगस्टस बादशहाच्या काळचा शिल्पशास्त्रकार विट्रुव्हियस ह्यानें आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत तें सांगितलें आहे. आठ इंची चौकोनी विटांचे दोन फूट उंच खांब उभारावे, त्यांवर दोन फुटी फरश्या टाकून जमीन करावी, व खालच्या पोकळींतून भट्टीची आंच खेळवावी. पोकळीच्या तळास भट्टीकडे असा उतार द्यावा कीं, आंत टाकलेला चेंडू न थांबतां भट्टीच्या तोंडाशीं परत यावा.

ह्यावरून प्रवाशास एक सोपी कसोटी मिळते. आंखूड खांबांच्या रांगा, त्यांखालीं काजळी व राख, आणि भट्टीचें तोंड हीं असतील, तर त्या जातीच्या स्नानगृहाचा विचार करावा. त्रिरश्मीवर पाहावें तों अखंड खडकांत खोदलेलीं व पावसाच्या पाण्यावर भरणारीं टाकीं आहेत. ह्या कसोटीचें एकही अंग त्यांत नाहीं.

(३) जन्ताघर व जेन्ताक

मग आमच्याकडे ऊन स्नानाचें गृह नव्हतेंच कीं काय? होतें, आणि तें भिक्षूंचेंच होतें. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत अशी कथा आहे कीं, वैशाली येथें पुष्टिकर भोजनामुळें भिक्षूंच्या शरीरांत दोष साठून ते फार आजारी पडूं लागले. तेव्हां जीवक वैद्यानें भगवान् बुद्धांस विनंति करून चंक्रम म्हणजे फिरण्याची जागा व जन्ताघर म्हणजे ऊन हवेचें स्नानगृह ह्या दोहोंस अनुज्ञा मिळविली. पुढें एकेक अडचण येत गेली तसतसे नियम वाढले. पाणी आंत शिरतें म्हणून जोतें उंच करावें. तें विटांनीं, दगडांनीं वा लांकडानें बांधावें. पायऱ्या व कठडा करावा. धूर जाण्यास धूमनेत्र ठेवावें. तोंडास आंच लागूं नये म्हणून मातीचा लेप द्यावा. सांडपाण्यास वाट करावी. लहान जन्ताघरांत अग्निस्थान एका बाजूस व मोठ्यांत मध्यभागीं असावें, असाही नियम आहे.

हेंच गृह वैद्यकांत 'जेन्ताक' ह्या नांवानें भेटतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदाव्या म्हणजे स्वेदाध्यायांत तेरा प्रकारचे अग्निस्वेद सांगितले आहेत. त्यांत जेन्ताकाचें वर्णन सर्वांत सविस्तर आहे. जलाशयाच्या दक्षिण वा पश्चिम तीरावर, पाण्यापासून सात-आठ अरत्नि अंतरावर, पूर्वेस अथवा उत्तरेस तोंड करून वर्तुळाकार कूटागार बांधावें. त्याची उंची व रुंदी जास्तींत जास्त सोळा अरत्नि. अरत्नि म्हणजे कोपरापासून पसरलेल्या करंगळीच्या टोंकापर्यंतचें माप, तेव्हां स्थूलमानानें चोवीस फूट धरावें. भिंती मातीनें लिंपलेल्या, खिडक्या अनेक. भिंतीलगत दारापर्यंत एक अरत्नि उंच व तितकाच रुंद ओटा. त्यास 'पिण्डिका' म्हणतात. मध्यभागीं पुरुषभर उंचीची, पुष्कळ बारीक छिद्रांची व झांकणाची मातीची भट्टी; तींत खैर, अश्वकर्ण इत्यादिकांचीं लांकडें पेटवावींत. लांकडें जळून धूर निघून गेला म्हणजे रोग्यानें आंत जावें. त्यास ताकीद अशी कीं, घाम व मूर्च्छा आली तरी प्राण असेपर्यंत पिण्डिका सोडूं नये. कारण ती सुटली तर दार सांपडणार नाहीं. बाहेर आल्यावर एकदम गार पाणी डोळ्यांस लावूं नये. हें वर्णन केवळ कल्पनेचें नव्हे. प्रत्यक्ष वापराच्या अनुभवांतूनच असें बारीक नियम निघतात.

(४) साम्य व भेद

ह्या ठिकाणीं एक साम्य दिसतें तें सांगितलें पाहिजे. विट्रुव्हियस घाम काढण्याच्या कोरड्या कक्षास 'लॅकोनिकम' म्हणतो. तो कक्षही वर्तुळाकार, आणि घुमटाच्या आरंभापर्यंत त्याची उंची रुंदीइतकी. चरकाचें कूटागारही वाटोळें व उंचीरुंदीनें सारखें. परंतु एवढ्यावरून उसनवारी ठरवूं नये. उष्णता सर्वत्र सारखी फिरावी असें ज्यास वाटेल, तो कारागीर कोपरे टाळून वाटोळी खोलीच बांधील; त्यास दुसऱ्या देशचा गुरु लागत नाहीं. शिवाय हेतूंत अंतर आहे. विट्रुव्हियस आंच घुमटांतील कांशाच्या तबकडीनें कमीजास्त करवितो. चरक भट्टी मध्यें ठेवून रोग्यास ओट्यावर सांभाळतो. एक नगराच्या नित्य सुखाची सोय, दुसरी चिकित्सा.

अवशेष न सांपडण्याचें कारणही ह्या भेदांतच आहे. रोमक स्नानगृह वीट, चुना व दगड ह्यांचें, नगराच्या मध्यभागीं व राजाच्या खर्चानें उभें राहिलें. म्हणून पडलें तरी ढीग राहिला. जन्ताघर व जेन्ताक ह्यांचा मुख्य भाग माती व लांकूड. पंधरा-सोळाशें पावसाळ्यांनंतर डोंगराच्या उतारावर त्याचें काय उरणार? मात्र वस्तु उरली नाहीं म्हणून ती नव्हतीच असें म्हणणें जितकें चूक, तितकेंच ती असली पाहिजे म्हणून शेजारच्या टांक्यास तिचें नांव देणें चूक.

(५) उदकयंत्रकारांची श्रेणी

नाशिकचें खरें वैभव एका निराळ्याच लेखांत आहे. त्याकडे प्रवाशाचें लक्ष जात नाहीं. दहाव्या लेण्याच्या जागींच आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. ह्या राजाचा काळ इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास धरितात. शक अग्निवर्म्याची कन्या व गणपक रेभिल ह्याची पत्नी उपासिका विष्णुदत्ता हिनें त्रिरश्मीवरील संघांतील आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं, लेखाच्या शब्दांत 'गिलानभेषज' ह्यासाठीं, अक्षयनीवि ठेविली. ती रक्कम गोवर्धन येथील निरनिराळ्या श्रेणींच्या हातीं दिली. त्यांत तेल्यांची श्रेणी आहे, आणि दोन हजार कार्षापण 'ओदयंत्रिक' श्रेणीकडे आहेत. 'ओदयंत्रिक' म्हणजे औदयंत्रिक, उदकयंत्रें करणारे वा चालविणारे कारागीर.

हे दोन शब्द एकत्र वाचावे. विनयपिटकाच्या महावग्गांतील भेषज्यस्कंधकांत वातविकारावर स्वेदकर्म, महास्वेद, ओषधींच्या काढ्याचें पाणी व उदककोष्ठक म्हणजे ऊन पाण्याची द्रोणी, ह्यांची क्रमानें अनुज्ञा आहे. अर्थात् 'गिलानभेषज' ह्या शब्दाच्या पोटांत स्वेद व ऊन स्नान हीं येतात. त्रिरश्मीवर जन्ताघर होतें, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं; पण आजारी भिक्षूंच्या उपचाराचा खर्च ज्या व्याजांतून चालावयाचा, त्याचा एक भाग पाण्याच्या यंत्रकारांनीं द्यावयाचा होता, एवढें निश्चित होतें. अशा धंद्याची संघटित श्रेणी ज्या ठिकाणीं होती, तेथील लोकांस पाण्याची विद्या परक्यांकडून मिळाली, असें मानण्याचें कारण नाहीं.

(६) हमाम

रोमक रचनेचा वंश महाराष्ट्रांत पाहावयाचाच असेल तर तो निराळ्या वाटेनें व निराळ्या काळीं आला. रोमची पूर्वेकडील स्नानगृहें मुसलमानी राज्यांत हमाम ह्या रूपानें चालू राहिलीं, आणि ती चाल इराणमार्गें दक्षिणेंत उतरली. देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यांतील शाही हमाम व बऱ्हाणपुरच्या शाही किल्ल्यांतील चित्रित छताचा हमाम हे तिचे नमुने आहेत. आमच्या भाषेंत 'हमामखाना' शब्द रुजला तो ह्याच वाटेनें. तेव्हां कढत व गार कक्षांची ओळ पाहूं इच्छिणाऱ्यानें त्रिरश्मीवर न शोधतां दौलताबादेस जावें.

(७) प्रवासी व संग्राहक ह्यांस सूचना

लेणीं पाहणाऱ्यानें प्रत्येक पोढीची लांबी, रुंदी, खोली व मुखाचा आकार टिपावा. तींत पाणी आणणारी पन्हळ कोठून येते हें पाहावें. आणि लेण्यासमोरील सपाट जागीं खांबांचीं छिद्रें, भाजलेल्या विटा किंवा राखेचा थर दिसल्यास त्यास हात न लावतां जागा तेवढी नोंदवून पुराणवस्तु खात्यास कळवावें. जन्ताघराचा शोध लागला तर तेथेंच लागेल. टांक्यांत कचरा व दगड टाकण्याची जी संवय यात्रेकरूंत आहे, ती मोडलीच पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीं आईबापांच्या नांवानें दिलेलें हें पिण्याचें पाणी होतें.

पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष विनंति आहे. गोदातीरावरील वैद्यांच्या घरांतून चरकसंहितेच्या सुट्या पत्रांचे जुडगे मिळतात. अपूर्ण म्हणून ते रद्दींत जातात. अशा जुडग्यांत स्वेदाध्यायाचीं पत्रें असल्यास तीं वेगळीं काढावींत. 'जेन्ताक' शब्दाचीं पाठांतरें, अरत्नि व किष्कु ह्या मापांचे अंक, आणि समासांतील टिपा जशाच्या तशा उतरून घ्याव्यात. एखाद्या वैद्यानें समासांत जेन्ताकाची आकृति काढिली असेल, तर ती आम्हांस पाँपेईच्या फरशीइतकीच मोलाची आहे.